बालाजीला न दिलेले केस

माझ्या डोक्याला पहिली चाई पडली ती कानाच्या मागं, रुपयाएवढी. आई वेणी घालता घालता थांबली. तिनं बोट लावलं नाही. कंगव्याच्या टोकानं केस बाजूला सारले आणि म्हणाली, "हे काय गं?" माझ्याच कानामागचं मला कसं दिसणार? पण तिनं विचारलं ते असं, जणू ती चाई मीच कुठून तरी उचलून घरी आणली होती. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षं मी आमच्या घरात आरोपी होते.

चाई म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी सुखी राहावं. केस मुळापासून जातात, गोल गोल, आणि खालची कातडी तान्ह्या बाळाच्या गालासारखी गुळगुळीत राहते. दुखत नाही, खाजत नाही, आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. हे शेवटचं वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता कुणी विचारलं तर मी थेट भांडायलाच लागते. आमच्या गल्लीत तर जो तो वैद्य. कुणी म्हणे झुरळानं चाटलं, कुणी म्हणे उंदरानं कुरतडलं, कुणी म्हणे पोरगी तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून गच्चीवर फिरत असणार. गच्ची! उस्मानपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांवर पत्रे होते. त्या पत्र्यांवर मी फिरले असते तर केसांच्या आधी पाय गेले असते.

एका चाईच्या तीन झाल्या, तिनाच्या किती ते मी मोजणं सोडलं. कांद्याचा रस झाला. गुंजा उगाळून झाल्या. शहागंजातल्या एका हकिमाचं काळं तेल झालं. त्याचा वास असा होता की माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे, ताट घेऊन बाहेर ओसरीवर जेवायला बसायचे. यातलं काहीही लावायचं असलं की आई कडुलिंबाच्या काडीला कापूस गुंडाळायची आणि हात लांब करून त्या काडीनं लावायची. माझा टॉवेल वेगळा, कंगवा वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा उकळायचा. मी एकदा ओरडले, "महारोग झालाय का मला?" तर म्हणाली, "हळू बोल, भिंती पातळ हायेत." तिला काळजी भिंतींची.

मी मॅट्रिक होऊन कॉलेजात नाव घातलं होतं. ते काढलं. बिनकेसांची पोरगी कॉलेजात कशी जाणार, हा प्रश्न आईनं दादांना विचारला आणि दादांनी त्यावर मान हलवली. दादा कचेरीत कारकून होते, मान हलवण्याची त्यांना सवय होती. वर्गातल्या निम्म्या पोरांनी टोप्या घातलेल्या असायच्या, त्यांच्या टोप्यांखाली काय आहे ते कुणी कधी उचकून बघितलं नाही. माझं मात्र शिक्षण केसांबरोबर गळालं. त्याचा राग मला तेव्हा आला आणि अजूनही येतो. वय झाल्यावर राग निवतो म्हणतात, ते म्हणणाऱ्यांना बहुतेक मोठा राग कधी आलेलाच नसतो.

मग मला जालन्याला मावशीकडं धाडलं. तिथल्या कुठल्याशा वैद्यानं जमालगोट्याचा लेप दिला. लेप लावला की कातडी पोळते, फोड येतात आणि फोडांबरोबर केस उगवतात, असा त्याचा हिशेब. फोड आले. उशीला डोकं टेकवता येईना. केस उगवले तर नाहीतच, उलट जे होते त्यातलेही गेले. तिथं महिनाभर राहून, डोक्यावरून पदर घट्ट ओढून मी मावशीबरोबर घरी परतले, तर घरात आनंदीआनंद. माझ्यासाठी स्थळ आलं होतं.

स्थळ सोयगावकडचं. घरची कपाशी, मुलगा झेडपीच्या शाळेत मास्तर. मुलगा, त्याची आई आणि चुलता रविवारी बघायला येणार होते. मी म्हटलं, त्यांना सांगितलंय का? आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी भर बाजारात लुगडं सोडायला सांगितलं होतं. तिची आणि मावशीची सगळी योजना ठरलेली होती. गंगावन आणलं होतं. गंगावन म्हणजे खोट्या केसांचा झुपका, आपल्या केसांत गुंफून वेणी लांब करायला. आमच्याकडं पोरगी बघायला आले की घरातली एखादी वडीलधारी बाई पोरीला वेणी सोडून केस दाखवायला लावते. त्याचंही उत्तर मावशीकडं तयार होतं. "सांगू, आत्ताच न्हालीय, केस वले हायेत, सोडले तर सर्दी व्हती."

मी म्हणाले, "बैलाचे दात बघून घेतात, पण निदान बैलाला कुणी खोटे दात लावत नाही."

"लई बोलती ही," मावशी म्हणाली आणि गंगावन बांधायला बसली.

गंगावन अडकायला मुळात खरे केस लागतात. माझे होते ते मागं मानेकडं आणि वर एक विरळ पट्टा. मावशीनं त्यांतले पुढचे केस मुठीत धरले, गंगावनाची दोरी त्यांना आवळली आणि ओढली. सगळा झुपका दोरीसकट तिच्या हातात आला. मला काही दुखलंसुद्धा नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. मावशी त्या झुपक्याकडं बघत म्हणाली, "आगं, धरून ठेव ना जरा!" आणि तो जमिनीवर टाकून मोरीत गेली, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. मी त्या पाण्याचा आवाज ऐकत बसले होते. धरून ठेव म्हणे. डोक्यातून गळणारे केस धरून ठेवायची कुठली युक्ती असते, ते तिनं मला सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बहिणी साडी आणायला गुलमंडीच्या बाजारात गेल्या. दादा कचेरीत. मी दार लावलं आणि दादांचा वस्तरा खाली काढला.

वस्तऱ्याची हकिगत अशी. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर किती तरी घरं शहर सोडून गेली. कुणी हैदराबादला, कुणी पार कराचीला. त्यांच्या घरांतलं सामान शहागंजच्या बाजारात चादरीवर मांडलेलं असायचं. दादांनी तिथून हा वस्तरा घेतला होता. आधीचा मालक कोण, ते त्यांनी विचारलं नव्हतं. घडीचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, पात्यावर फुलाची बारीक नक्षी. मी तो खाली काढला तोवर वीसेक वर्षं रोज सकाळी ते त्यानंच दाढी करत आले होते. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवलेला असायचा, त्यावर वस्तरा आधी इकडून मग तिकडून ओढायचा, पात्याची पाठ पुढं आणि धार मागं. हे मी लहानपणापासून बघत आले होते. मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी बघू नकोस असंही म्हटलं नाही, कारण पोरगी हे बघून काय करणार, असंच सगळ्यांना वाटत असणार.

उरलेले लांब केस मी आधी कात्रीनं कापले. मग पातेलंभर पाणी तापवलं, टॉवेल भिजवून डोक्यावर दाबून धरला. जमालगोट्याच्या जुन्या डागांना ऊब बरी वाटली. दादांच्या ब्रशनं साबणाचा फेस केला आणि सगळीकडं फासला. आरशात बघितलं तर फेसाची टोपी घातलेली एक चिडकी बाई होती.

वस्तरा धरला. भीती नव्हती, राग होता. वस्तऱ्याला मात्र राग चालत नाही. पहिल्याच ओढीला कानाच्या वर कातडी कापली आणि फेसात लाल रेघ उतरली. मी थांबले. तुरटी ओली करून दाबली, ती अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. मग मी स्वतःलाच म्हणाले, बाई, तुला काय चिडायचं ते नंतर चीड, आत्ता हात हलका ठेव. पातं जवळजवळ आडवं टेकवायचं, डाव्या हातानं कातडी वर ताणायची आणि कपाळाकडून मागं, केस ज्या अंगाला वळतात त्या अंगानं, छोट्या छोट्या ओढींनी जायचं. दाबायचं नाही. वस्तरा आपल्याच वजनानं चालतो.

जिथं केस होते तिथं पातं खरखर बोलायचं. चाईवर आलं की मुकं. खरखर, मग काहीच नाही, मग पुन्हा खरखर. त्या आवाजावरून मला कळत गेलं की माझ्या डोक्यावर काय उरलंय आणि काय नाही. दोन वर्षं सगळ्या गावानं बघितलं होतं, मला पहिल्यांदा आत्ता कळत होतं. कान दुमडून त्यांच्या मागचं काढलं. डोक्याचं मागचं अंग मात्र दिसेना. हातात छोटा आरसा धरावा तर कातडी कुठल्या हातानं ताणायची? शिवाय आरशात डावं-उजवं उलटं होतं आणि पातं भलतीकडं जातं. शेवटी आरसा ठेवला आणि बोटांनी चाचपडत, जमेल तसं खालपर्यंत ओढत गेले.

डोकं धुतलं, पुसलं. मला मी सुंदर दिसले वगैरे म्हणणार नाही, तसलं खोटं मला लिहवत नाही. कान मोठे दिसत होते. पण ती ठिगळं गेली होती. डोकं सगळं एकसारखं झालं होतं, कुणी तरी ठरवून केल्यासारखं, आणि ठरवणारी मी होते. खिडकीतून येणारी झुळूक थेट कातडीला लागली. मी दोन्ही हात डोक्यावरून फिरवले आणि फिरवतच राहिले.

आई आणि मावशी परतल्या तेव्हा मी वस्तरा पुसत होते. आईनं हातातली साडीची पिशवी माझ्या पाठीत घातली. "काय केलंस गं हे भवाने!" मावशी दोन्ही हात तोंडावर धरून म्हणाली, "आगं, बाप जिता हाय ना तुझा!" मग आई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. रडताना म्हणत होती ती एकच गोष्ट, आता पाहुण्यांना काय सांगू, आता पाहुण्यांना काय सांगू. माझ्या कानावरून रक्त ओघळत होतं, त्याबद्दल तिनं एक शब्द काढला नाही.

संध्याकाळी दादा आले. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग वस्तऱ्याकडं. वस्तरा उजेडाकडं धरून धार बघितली. "पोरीच्या जातीनं याला हात लावू नये," म्हणाले आणि तो जागेवर ठेवला. एवढंच. मला वाटतं त्यांनी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मला इतका संताप आला नसता.

तिरुपतीची कल्पना नक्की कुणाची, आईची की मावशीची, ते मला कधी कळलं नाही. शनिवारी सकाळी उठले तेव्हा ती तयारच होती. पोरगी जालन्याला होतीच, तिथून मावशीबरोबर काचीगुडा गाडीनं तिरुपतीला जाऊन आली, बालाजीला केस दिले. बापाच्या तब्येतीसाठी नवस होता. इतके दिवस गप्प का राहिलात? शनिवार बालाजीचा, शनिवारी प्रसाद वाटून मगच सांगायचं होतं. कुठं फट म्हणून नव्हती.

प्रसाद कुठून आणणार? गुलमंडीवरून. मावशी बुंदीचे लाडू घेऊन आली, परातीत फोडले, त्यात तूप, काजू, खडीसाखर आणि चिमूटभर कापूर घातला आणि मोठे मोठे लाडू पुन्हा वळले. बालाजीच्या लाडवाला कापराचा वास असतो, हे तिला कुणी तरी सांगितलं होतं. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. म्हणाले, "लाज वाटत नाही?" आई लाडू वळता वळता म्हणाली, "तुला वाटली का, वस्तरा घेताना?"

त्याच दुपारी सगळी गल्ली लोटली. मला नवी साडी नेसवून पाटावर बसवलं होतं, डोक्यावर पदर, कपाळाला गंध. एकेक बाई येत होती, हळदीकुंकू लावत होती आणि वाकून माझ्या पाया पडत होती. समोरच्या घरातल्या बाईंनी एकदा त्यांच्या पोरीला, माझ्या कंगव्याला हात लावला म्हणून, माझ्यादेखत झोडपलं होतं. त्याच बाईंनी त्या दिवशी कडेवरचं तान्हं माझ्या पायावर घातलं. तेच डोकं, त्याच चाया. देवाला दिलं म्हटल्यावर पवित्र, आणि देवानं नेलं तेव्हा विटाळ. मी दात आवळून बसले होते. बायकांना वाटलं मी मनात नामस्मरण करतेय.

भिंतीपलीकडं एक म्हाताऱ्या मुसलमान बाई राहायच्या, सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची, त्यांनाही लाडू गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. संध्याकाळी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढताना मला हळूच म्हणाल्या, "बेटी, कान के ऊपर उस्तरा लगा है. वहाँ के नाई इत्ते कच्चे रहते क्या?" मी पदर कानावर ओढून घेतला. त्या म्हणाल्या, "माँ कू बोल, भगवान के नाम पे झूट नको बोलो."

"तुम्हीच सांगा की तिला."

"मैं कैसे बोलूँ? मैं तो लड्डू खा ली."

हसू यावं अशी गोष्ट होती, पण मला तेव्हा तेही आलं नाही. उद्या पाहुणे येणार होते. गल्लीशी खोटं बोलणं वेगळं, तिचे माझे हिशेब कधीच संपले होते. पण ज्या घरात जाऊन मला जन्म काढायचा त्या घराशी? नवसाचे केस चार महिन्यांत परत येतात. माझे येणार नव्हते. मग? मग काय, आई म्हणाली, "लग्न झाल्यावर कोण परत पाठवतंय." तिनं हे अगदी सहज म्हटलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा पाय जवळ घेऊन बसला आणि सगळा वेळ स्वतःच्या बुटांच्या लेसकडं बघत राहिला. चुलता बोलका, सुपारी कातरत बसलेला. मुलाची आई शेतात राबलेली, हाडापेरानं मोठी बाई. तिनं पदराखालचं माझं डोकं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मावशीनं लगेच बालाजीची गोष्ट सांगितली. काचीगुडा गाडी, डोंगर, रांग, सगळं. मावशी आयुष्यात परभणीच्या पुढं गेली नव्हती. दादा खाली बघत होते. आईनं लाडवांचं ताट फिरवलं तेव्हा दादांनी सगळ्यांच्या आधी एक उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला. माझ्या बापानं. आदल्या दिवशी परातीत तो फोडलेला त्यांनी डोळ्यांनी बघितला होता.

मुलाची आई मात्र उठली आणि माझ्यासमोर येऊन खाली बसली. तिचे डोळे भरले होते.

"म्यापण बोलले व्हते बालाजीला," ती म्हणाली. "ह्यो लहान व्हता, मुदतीचा ताप निघंना. म्हनलं, केस दीन तुला, माझं लेकरू ठिव. लेकरू ठिवलं त्यानं. पर ह्याचा बाप जाऊ दीना. म्हनला, नवरा जिता आसताना बाईनं डोस्कं भादरायचं नाय. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. आता त्योच आंथरुनाला खिळलाय. माझ्या मनात येतं, त्या नवसापायीच."

मग तिनं माझा पदर मागं सारला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरबरीत, ऊबदार हात. सगळा तळवा, पाचही बोटं. दोन वर्षांत माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. काडी लागली होती, कापूस लागला होता, लेप लागला होता. हात नाही. ती हात फिरवत म्हणाली, "माझी बाय ती. तू माझ्या घरात आलीस की माझा बी नवस फिटंल." मी हलले नाही. मला हलायचं नव्हतं. तो हात तिथं जितका वेळ राहील तितका वेळ राहू दे, असं मला वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल माझा मलाच इतका राग आला की कानशिलं तापली.

दुसऱ्या हातानं तिनं ताटातला एक लाडू उचलला आणि पदराच्या टोकाला बांधायला लागली. "ह्याच्या बापाला दिते. परसाद पोटात गेला तर उठून बसंल."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं मी काय करणार ते. तिनं डोळ्यांनी विनवलं, मी तेही बघितलं.

"तो लाडू गुलमंडीवरचा आहे," मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. "प्रसाद नाही तो. काल दुकानातून आणलाय. मी तिरुपतीला गेले नाही. मला चाई आहे, केस जातात, परत येत नाहीत. उरलेले मीच वस्तऱ्यानं काढले."

त्या बाईचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. तिनं तो एकदम उचलला. क्षणभर हात तसाच हवेत राहिला, मग तिनं तो लुगड्याला पुसला. एकदा पुसला, आणि पुन्हा पुसला, तळवा आणि बोटांमधल्या जागासुद्धा. मुद्दाम नाही. तिला स्वतःलाही ते कळलं नसावं. तिनं पदराची गाठ सोडली, लाडू ताटात ठेवला आणि आईला म्हणाली, "चाई आसती तर आसती. पोरीच्या हातात हाय का ते? पर देवाला कामून मधी घातलं, बाई?" तिचं म्हणणं खरं होतं आणि हात पुसला तेही खरं होतं. दोन्ही एकाच बाईचं.

चुलत्यानं मात्र आवाज चढवला. आजारी पोरगी गळ्यात मारत होतात, फसवता का, सोयगावात चार लोकांत आम्हाला मान आहे, वगैरे. मुलगा बुटांच्या लेसकडंच बघत होता. त्यानं मान वर केली असती तर मी त्यालाही दोन शब्द सुनावले असते, म्हणूनच बहुतेक केली नाही. ते निघून गेले. मावशी मागच्या खोलीत जाऊन पिशवी भरायला लागली. दादा दारातच उभे राहिले, आत यावं की बाहेर जावं ते न कळल्यासारखे.

आई चुलीपाशी बसली होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"नाय झालं."

"कोन करील आता तुला?"

"नको करू दे कुणी. तू हात लाव."

"काय?"

"माझ्या डोक्याला हात लाव. परक्या बाईनं लावला. खोट्यापायी का होईना, लावला. तू दोन वर्षं मला काडीनं शिवतेस. काय लागणार आहे गं तुला माझं? लाव हात!"

मी ओरडत होते. भिंती पातळ होत्या आणि ऐकायचं त्यानं ऐकावं असंच मला वाटत होतं. आई उठली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मी गाल पुढं केला, खरंच केला.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. माया नव्हती त्यात. कणीक तिंबावी तसा दाबून ठेवला. तो हात कपाळाकडून वर गेला, चायांवरून गेला, कानावरच्या जखमेवरून गेला तेव्हा मी कळवळले, तरी थांबला नाही. मागं मानेपर्यंत गेला आणि तिथं थबकला. तिनं चिमटीत काही तरी धरून ओढून बघितलं.

"मागं तर तसंच ऱ्हायलंय की," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण चीड तीच होती, रोजची. "पट्टाच्या पट्टा ऱ्हायलाय. आसल्या डोस्क्यानं बसलीस व्हय पावन्यांपुढं?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि पातेल्यात पाणी ओतलं.

"पानी तापवते," ती म्हणाली. "तो वस्तरा घे, आन नीट काढ समदं."